तार, खंडक आणि घराची सुरक्षितता

रायपूर शहराच्या जुन्या भागात ब्राह्मणपारा ही वस्ती आहे. छत्तीसगडात पारा म्हणजे मोहल्ला. कंकालीपारा, तात्यापारा, आझाद चौक ही तिच्या आसपासची नावे असून, त्यांतील तात्यापाऱ्याचे नाव मराठी कानास लगेच ओळखीचे वाटते. अठराव्या शतकाच्या मध्यास हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले आणि पुढील काळात अनेक मराठी कुटुंबे छत्तीसगडच्या मातीत रुजली. जुन्या वस्तीतील जुनी घरे ही जशी इतिहासाची साक्षीदार असतात, तशीच ती विजेच्या इतिहासाचीही साक्षीदार असतात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा दुसरा इतिहास होय.

अशा एखाद्या घराच्या भिंती बारकाईने पाहिल्या तर विजेच्या जोडणीच्या तीन पिढ्या एकाच ओसरीवर नांदताना आढळतात. एका कोपऱ्यात लाकडी केसिंग-कॅपिंगमधून गेलेल्या तारा असतात. दुसऱ्या भिंतीवर सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसविलेली वायर असते. आणि नव्या खोलीत भिंतीच्या पोटातून गेलेली प्लॅस्टिकची नळी असते. जुने मिस्त्री अजूनही तारेस 'एक-अठरा', 'तीन-वीस', 'सात-वीस' या नावांनी ओळखतात. 'तीन-वीस' म्हणजे वीस नंबरच्या जाडीच्या तीन पदरांची तार. तिचे क्षेत्रफळ सुमारे दोन चौरस मिलिमीटर भरते. 'सात-वीस'चे साडेचारांच्या थोडे वर जाते, तर 'एक-अठरा'चे जेमतेम सव्वा. नवी तार १, १.५, २.५, ४ आणि ६ चौरस मिलिमीटर अशा मापांनी विकली जाते. जुन्या घरातील कोणती तार कोणत्या मापाची, हे घरातल्या माणसास बहुधा ठाऊक नसते. आणि पुढील सर्व विवेचनाचे मर्म नेमके याच अज्ञानात दडलेले आहे.

असे घर मे महिन्याच्या एका दुपारी डोळ्यांसमोर आणावे. रायपूरचा पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढलेला आहे. मुलाने आजोबांच्या खोलीत दीड टनाचे वातानुकूलन यंत्र बसविले आहे आणि त्याची जोडणी खोलीतल्या जुन्या सॉकेटवरूनच घेतली आहे. यंत्र चालू असते, फ्रिज चालू असतो, कोणी इस्त्री लावते, स्वयंपाकघरात मिक्सर फिरू लागतो, आणि काही मिनिटांत 'खट्' असा आवाज होऊन अर्धे घर बंद पडते. हे दिवसातून चार वेळा घडते. अखेरीस घरातले काका मिस्त्रीस बोलावून सांगतात, "हा दहाचा एमसीबी काढून बत्तीसचा बसवा, म्हणजे रोजची कटकट मिटेल." मिस्त्री जाणता असेल तर म्हणतो, "काका, कटकट मिटेल खरी, पण घर मिटायची वेळ येईल. खंडक बदलण्याआधी तार दाखवा." मिस्त्री अर्धवट असेल तर तो काही न बोलता बत्तीसचा खंडक बसवून निघून जातो. दोघांच्या वागण्यातील हा फरक कशामुळे पडतो, ते समजून घेणे प्रत्येक घरमालकाच्या हिताचे आहे.

तारेतून वीज वाहते तेव्हा तार तापते. ही उष्णता किती, याचा नियम जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास प्रयोगांनी निश्चित केला. उष्णता तारेच्या रोधाच्या प्रमाणात वाढते, परंतु प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. प्रवाह तिप्पट झाला की उष्णता नऊपट. सामान्य माणसाचा अंदाज चुकतो तो येथेच. "थोडा जास्त भार पडला तर काय बिघडते?" असे तो म्हणतो, परंतु तारेच्या लेखी तो भार थोडा नसतो.

तांबे स्वतः ही उष्णता सहज सोसते. सोसवत नाही ते तांब्याभोवतीच्या आवरणास. घरगुती तारेचे पीव्हीसीचे आवरण सत्तर अंश सेल्सियसपर्यंत दीर्घकाळ टिकते. त्यापलीकडे ते मऊ पडते, पुढे कडक होते, त्यास भेगा जातात आणि अखेरीस दोन तारा एकमेकींस भिडतात. हे एका दिवसात घडत नाही. भिंतीच्या आत, कोणाच्या दृष्टीस न पडता, ते महिनोन्‌महिने चालू असते. आणि म्हणूनच ते अधिक भयावह होय.

तारेची ही मर्यादा ओळखून तिच्या आधी एक पहारेकरी ठेवण्याची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तारायंत्रांचे विजेच्या कडकडाटापासून रक्षण करण्यासाठी बारीक तारेचा तुकडा जोडू लागले होते. प्रवाह वाढला की तो तुकडा आधी वितळे आणि यंत्र वाचे. हीच वितळतार, म्हणजे फ्यूज. चिनी मातीच्या किटकॅटमध्ये बसविलेला फ्यूज आपल्याकडे अनेक दशके घरोघर होता. त्याचा दोष तत्त्वात नव्हता, माणसाच्या हातात होता. फ्यूज वारंवार जाऊ लागला की कोणी तरी त्यात दोन पदर, चार पदर, प्रसंगी चक्क तांब्याची जाड तार घालून ठेवी. पहारेकरी जागेवर दिसे, परंतु त्याचे डोळे बांधलेले असत.

१९२४ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे ह्यूगो श्टोत्स यांच्या कारखान्यात घरगुती वापराचा छोटा मंडल-खंडक सिद्ध झाला. आज त्याच्याच वंशातील खंडकास व्यवहारात एमसीबी म्हणतात. या लहानशा पेटीत दोन रखवालदार असतात. पहिला म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ती तापून हळूहळू वाकते आणि कळ सोडविते. दुसरा म्हणजे विद्युत्-चुंबक. दोन तारा एकमेकींस भिडून प्रवाह एकाएकी शेकडो अँपिअरवर गेला की तो क्षणार्धात, सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात, मंडल तोडतो. पहिला संथ आहे आणि अतिभारासाठी आहे. दुसरा तत्पर आहे आणि शॉर्ट सर्किटसाठी आहे.

खंडकावर 'सी १६' अशी अक्षरे असतात. त्यांतील १६ हा त्याचा अंकित प्रवाह होय. 'सी' हे अक्षर चुंबकाचा स्वभाव सांगते. 'बी' वर्गाचा खंडक अंकित प्रवाहाच्या तीन ते पाच पटींत तत्काळ पडतो, 'सी' वर्गाचा पाच ते दहा पटींत, तर 'डी' वर्गाचा दहा ते वीस पटींत. मोटर अथवा वातानुकूलन यंत्र चालू होताना क्षणभर कितीतरी अधिक प्रवाह घेते. तेवढ्याने खंडक पडू नये, म्हणून अशा ठिकाणी 'सी' वर्ग निवडतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सोळाचा खंडक सतरा अँपिअरला पडतो, असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. मानकाप्रमाणे, अंकित प्रवाहाच्या १.१३ पट प्रवाह तासभर वाहिला तरी खंडकाने पडता कामा नये, आणि १.४५ पट प्रवाह वाहिल्यास त्याने तासाच्या आत पडलेच पाहिजे. या दोन मर्यादांच्या मध्ये तो कधी पडेल, हे सांगता येत नाही. शिवाय ही मापे तीस अंश तापमानास धरून ठरविलेली असतात. उन्हाने तापलेल्या पेटीत खंडक थोडा लवकर पडतो, हा त्याचा बिघाड नव्हे.

आता आजोबांच्या खोलीतील गणित मांडता येते. वातानुकूलन यंत्र सुमारे साडेआठ अँपिअर घेते, हजार वॅटची इस्त्री सव्वाचारांच्या थोडे वर, साडेसातशे वॅटचा मिक्सर सव्वातीन, आणि फ्रिज सुमारे एक. बेरीज सतरा अँपिअरच्या घरात जाते. खंडक दहाचा आहे. तो पडला नसता तरच नवल! चार वेळा पडून त्याने चार वेळा आपले कर्तव्य केले. त्यास 'खराब' ठरविणे अन्यायाचे होईल.

त्याच्या जागी बत्तीसचा बसविला तर काय होईल? १.१३ च्या नियमाने छत्तीस अँपिअर प्रवाह तो निमूटपणे वाहू देईल. भिंतीतील तार दीड चौरस मिलिमीटरची आहे असे धरू. नळीतून गेलेल्या अशा तारेची वाहकता तीस अंशांच्या हवेत साडेसतरा अँपिअर मानतात. परंतु भिंतच पंचेचाळीस अंशांवर असेल, तर सत्तरपर्यंत चढण्यास केवळ पंचवीस अंशांची सवड उरते. अशा वेळी वाहकतेस ०.७९ ने गुणावे लागते आणि ती पावणेचौदा अँपिअरच्या जवळपास येते. म्हणजे जी तार चौदा अँपिअरही धड सोसू शकत नाही, तिच्यातून छत्तीस अँपिअर जाण्यास मोकळीक मिळते. प्रवाह सुमारे २.६ पट, आणि उष्णता जवळजवळ सातपट! दहा मीटर लांबीच्या जोडतारेत ही उष्णता तीनशे वॅटच्या वर जाते. भिंतीत तीनशे वॅटची शेगडी पुरून तिच्यावर चुना फिरवावा, त्यातलाच हा प्रकार होय. छत्तीस अँपिअर रोज वाहतील असे नाही. परंतु ज्या दिवशी वाहतील, त्या दिवशी त्यांना अडविणारा कोणी नसेल.

यातून निवडीचा मूळ नियम निघतो, आणि तो पाठ करण्याइतका सोपा आहे. भार सर्वांत लहान असावा, खंडक त्याहून मोठा अथवा त्याएवढा असावा, आणि तारेची वाहकता खंडकाहून मोठी अथवा त्याएवढी असावी. भार, खंडक, तार असा हा चढता क्रम आहे. खंडक तारेचे रक्षण करण्यासाठी असतो, यंत्राचे लाड पुरविण्यासाठी नव्हे. मराठीत 'अंथरूण पाहून पाय पसरावे' अशी म्हण आहे. येथे तार हे अंथरूण होय. खंडक बदलून पाय अधिक पसरता येतात, अंथरूण मात्र तेवढेच राहते.

तारांची वाहकता ठरविताना आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एकाच नळीतून दोन मंडलांच्या तारा गेल्या, तर त्या एकमेकींस तापवितात. तेव्हा वाहकतेस आणखी ०.८ ने गुणावे लागते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेची वाहकता तीस अंशांस २४ अँपिअर असते. पंचेचाळीस अंशांस ती १९ वर येते, आणि नळी सामाईक असल्यास सव्वापंधरावर. मग तिच्यावर सोळाचा खंडक ठेवणे योग्य ठरत नाही. चार चौरस मिलिमीटरची तार अनुक्रमे ३२, सव्वापंचवीस आणि वीस अँपिअर वाहते. दुसरी गोष्ट धातूची. १९६० नंतरच्या काही दशकांत तांब्याच्या टंचाईमुळे आपल्या देशात अनेक घरांतून अ‍ॅल्युमिनियमची तार वापरली गेली. तेवढ्याच जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश प्रवाह वाहते. शिवाय तिचे सांधे कालांतराने सैल होतात आणि सैल सांधा तापतो. तापलेल्या सांध्याची वर्दी खंडकास मिळत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसतो. म्हणून जुन्या घरात काळवंडलेले सॉकेट अथवा जळकट वास हीच पहिली घंटा समजावी.

तेव्हा आजोबांच्या खोलीवरील खरा उपाय कोणता? खंडक होता तेथेच, दहाचाच राहू द्यावा. वातानुकूलन यंत्रासाठी मुख्य पेटीपासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणावी, सोबत संरक्षक अर्थिंगची तार आणावी, आणि त्या मंडलावर 'सी' वर्गाचा सोळाचा खंडक बसवावा. इस्त्री आणि मिक्सर यांसाठीही स्वतंत्र पॉवरचे मंडल असावे. दिवे-पंख्यांच्या मंडलावर दहाहून अधिक जागा अथवा आठशे वॅटहून अधिक भार नसावा, असे भारतीय मानक ७३२ सांगत आले आहे. राष्ट्रीय विद्युत् संहिता १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली, २०११ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये तिची सुधारणा झाली. तिच्यातही हीच दृष्टी आहे. या उपायास खर्च येतो, भिंत फोडावी लागते, हे खरे. परंतु खंडक बदलण्याचा स्वस्त उपाय स्वस्त नसतो. त्याचे देणे पुढे केव्हा तरी एकरकमी चुकवावे लागते.

आता अधिक गंभीर मुद्द्याकडे वळले पाहिजे. खंडक तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. मनुष्यदेहातून शंभर-दोनशे मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी हृदयाची गती विस्कळीत होऊन मृत्यू ओढवू शकतो. अँपिअरच्या पाव हिश्शाहूनही हा कमी. सहाच्या खंडकासही तो जाणवत नाही, मग बत्तीसच्या खंडकाची गोष्टच सोडावी. कूलरच्या पत्र्यात वीज उतरली आणि घराची अर्थिंग अंगणातील एका खड्ड्यावरच अवलंबून असली, तर मे महिन्यात ती माती कोरडी होऊन तिचा रोध दहा ओहमपर्यंत सहज जातो. दोनशे तीस व्होल्टला दहा ओहमने भागले की तेवीस अँपिअर येतात. बत्तीसचा खंडक त्यास मुळीच दाद देणार नाही, सोळाचा पडलाच तर सावकाश पडेल. दरम्यान ओल्या हाताने कूलरला स्पर्श करणारे मूल वाट पाहत नाही. म्हणून गळती-खंडक, ज्यास आरसीसीबी म्हणतात, तो आवश्यक आहे. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडताच तो मंडल तोडतो. तो एमसीबीचा पर्याय नव्हे, जोडीदार होय. त्याच्यावरील चाचणीचे बटन अधूनमधून दाबून तो जागा आहे की नाही, हे पाहावे. अर्थिंगच्या खड्ड्यास उन्हाळ्यात पाणी घालण्याची जुनी रीतही सोडू नये.

पेटीवर प्रत्यक्ष काम करताना पाळावयाची शिस्त वेगळी आहे. पहिली गोष्ट ही की, हे काम परवानाधारक तारतंत्र्याचे आहे. घरातल्या माणसाने पेटीचे झाकण उघडू नये. तथापि काम बरोबर चालले आहे की नाही, हे त्यास ओळखता आले पाहिजे. खंडक खाली केल्याने केवळ त्याच्या पुढची तार निर्जीव होते. त्याच्या मागची बाजू जिवंतच असते. मुख्य स्विच बंद केला तरी मीटरपासून त्या स्विचपर्यंतची तार जिवंत राहते, आणि तिला हात लावण्याचा अधिकार केवळ वीज वितरण कंपनीचा आहे. घरात इन्व्हर्टर असेल, तर मुख्य स्विच बंद होताच तो आपण होऊन वीज सोडू लागतो. पुष्कळ मिस्त्री याच ठिकाणी फसतात. म्हणून मुख्य स्विचबरोबर इन्व्हर्टरही बंद करून त्याची जोडणी सोडवावी. एकेरी खंडक फेज तोडतो, न्यूट्रल नव्हे. तेव्हा न्यूट्रलची तारही निरुपद्रवी मानू नये.

बंद केलेला स्विच दुसऱ्या कोणी अजाणता लावू नये, म्हणून त्यास कुलूप घालावे, आणि ते शक्य नसल्यास पाटी लावून जवळ माणूस उभा करावा. मग चाचणी. चाचणी-दिवा अथवा मीटर आधी जिवंत असल्याचे ठाऊक असलेल्या जागी लावून पाहावा, मग कामाच्या तारेवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्यांवर लावावा, आणि शेवटी पुन्हा त्या जिवंत जागी लावावा. साधन मध्येच निकामी झाले तर ते 'वीज नाही' असेच सांगते. या तिसऱ्या पायरीने ते असत्य उघडे पडते. खिशातल्या निऑन टेस्टरवर एकट्याने विसंबू नये. काम संपल्यावर प्रत्येक स्क्रू घट्ट आहे ना, तारेचा एकही पदर बाहेर राहिला नाही ना, एका स्क्रूखाली दोन भिन्न जाडीच्या तारा कोंबल्या नाहीत ना, हे पाहावे. शेवटी प्रत्येक खंडकासमोर तो कोणत्या खोलीचा, आणि त्याच्या मागील तार किती चौरस मिलिमीटरची, हे कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवावे. दोन रुपयांच्या त्या कागदाने पुढच्या मिस्त्रीचा अंदाज संपतो.

खंडक पडला असता सामान्य माणसाने काय करावे? आधी त्या मंडलावरील उपकरणांचे प्लग काढावेत, आणि मगच एकदा खंडक वर करावा. तो पुन्हा पडला तर तिसऱ्यांदा वर करू नये, मिस्त्रीस बोलवावे. कोणास विजेचा धक्का बसून तो चिकटला असेल, तर त्याला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच आणि इन्व्हर्टर बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडी काठीने त्यास तारेपासून दूर सारावे. श्वास थांबला असल्यास छाती दाबण्याचा प्रथमोपचार लगेच सुरू करून वैद्यकीय मदत बोलवावी.

जुन्या वस्त्यांचा विचार करताना एक गोष्ट ध्यानी ठेवावी. तेथील घरे एकमेकांस खेटून असतात, गल्ल्या अरुंद असतात आणि छपरांत जुने लाकूड असते. एका घराच्या भिंतीत तापणारी तार ही त्या एका घराची खासगी बाब राहत नाही. ज्या घराने आपला दहाचा खंडक दहाचाच ठेवला आणि नव्या भारासाठी नवी तार टाकली, त्याने शेजाऱ्याचेही रक्षण केले. आजोबांच्या खोलीत मग गारवाही राहतो, आणि रात्री यंत्र मंद घरघरत असताना घरातील माणसे निर्धास्त झोपू शकतात. पेटीतला तो लहानसा पहारेकरी तेवढ्याकरिताच उभा आहे. त्याचे डोळे आपण बांधू नयेत.